आधी जंगल, मग द्राक्षमळे

वाचकांचं पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार. माझं वय ५८, ह्यांचं ६३. लग्नाला पस्तीस वर्षं होताहेत म्हणून मुलाने दक्षिण आफ्रिकेची सहल काढली आहे. बारा जणांचा गट, जंगल सफारी, वाइनचे मळे आणि व्हिक्टोरिया धबधबा. तारखा दोन दिल्यात: फेब्रुवारीचा मध्य किंवा सप्टेंबरचा मध्य. केपटाऊन तीन रात्री, द्राक्षमळे दोन, जोहान्सबर्ग एक, क्रूगर जंगल दोन, धबधबा दोन, बोत्सवानातलं चोबे एक असा कार्यक्रम आहे. आजवर आम्ही मोठ्या मराठी कंपनीबरोबर चाळीस-पन्नास जणांत फिरलो, सोबत आपला स्वयंपाकी असायचा. ही सहल त्याच्या जवळजवळ दुप्पट महाग आहे. माझ्या गळ्यात माळ आहे. मांस, मासे, अंडं चालत नाही, दारूचा तर प्रश्नच नाही. हे लग्नाकार्यात कधीतरी घेतात, पण ह्यांना खरी ओढ तिथल्या बागा बघायची आहे. पूर्वी आमची दोन एकर शेनिन ब्लाँ ही वाइनची द्राक्षं होती, वाइनरीला कराराने द्यायचो. जाऊबाई म्हणाल्या, "माळकरी बाई दारूच्या मळ्यात जाऊन काय करणार?" तेव्हापासून मन खट्टू झालंय. मला इंग्रजी येत नाही, गुडघेही कुरकुरतात. जावं का? आणि जायचं तर कधी?

— एक वाचक भगिनी

उत्तर

ताई, जा. सप्टेंबरात जा. आणि पैसे भरायच्या आधी कार्यक्रम उलटा फिरवून घ्या. कंपनीने केपटाऊन आणि द्राक्षमळे आधी ठेवलेत, ते शेवटी न्या. चोबेतली मुक्कामाची रात्र काढून ती क्रूगरच्या जंगलाला द्या. एवढे बदल कंपनीने मान्य केले तर दुप्पट पैसे सार्थकी लागतील असं मला मनापासून वाटतं. का, ते सविस्तर सांगते.

आधी तारखा. ह्या सहलीतली मुख्य अडचण अशी की जंगल आणि द्राक्षमळे ह्यांचे हंगाम एकमेकांच्या उलट आहेत. केपटाऊनच्या बाजूला पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यांचा हिवाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. क्रूगरकडे पाऊस उन्हाळ्यात, साधारण ऑक्टोबर ते मार्च. फेब्रुवारीत केपमध्ये द्राक्षांची काढणी ऐन भरात असते, हवा कोरडी, ऊन लख्ख. म्हणून वाइनसाठी जाणारे लोक ती तारीख उचलतात. पण त्याच दिवसांत क्रूगरमध्ये गवत पुरुषभर वाढलेलं असतं, झाडोरा दाट, पाणी जागोजागी, त्यामुळे जनावरं पांगलेली असतात. उकाडा असतो आणि मलेरियाचा धोकाही त्याच महिन्यांत जास्त. सप्टेंबरात उलट चित्र. झाडं निष्पर्ण, गवत बसलेलं, पाणी मोजक्याच ठिकाणी उरलेलं, आणि जनावरांना त्या पाण्यावर यावंच लागतं. डास कमी. केपमध्ये वसंत लागलेला असतो. केपटाऊनपासून सुमारे १२० किलोमीटरवर हर्मानस नावाचं गाव आहे, तिथे सप्टेंबरात देवमासे किनाऱ्याच्या इतके जवळ येतात की बोटीत न बसता काठावरच्या पायवाटेवरून दिसतात. गुडघ्यांना अजिबात त्रास नाही.

काढणी बघायला मिळणार नाही म्हणून मिस्टर हळहळतील. पण ताई, फेब्रुवारीत तुमच्या घरी काय चाललेलं असतं? माल निघायचे दिवस, व्यापाऱ्यांचे फोन, मजुरांच्या टोळ्या, आणि आभाळाकडे लागलेले डोळे. त्या दिवसांत बाग सोडून दोन आठवडे आफ्रिकेत फिरणाऱ्या बागायतदाराला एक घास गोड लागायचा नाही. सप्टेंबरचा मध्य म्हणजे तुमच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधीची थोडी उसंत. गौरी-गणपती त्या वर्षी कधी येतात तेवढं बघून तारीख पक्की करा. काढणी तर ते दरवर्षी आपल्याच बांधावर बघतात. केपमध्ये त्यांना असं काही दिसेल जे नाशिकला कधीच दिसत नाही, त्याकडे येतेच.

आता कार्यक्रमाचा क्रम. सफारी ही पहाटे उठायची गोष्ट आहे. सप्टेंबरात सहाच्या सुमाराला गाडी निघते, नऊ-साडेनऊला परत येते. मग दुपारी साडेतीन-चारला पुन्हा निघायचं ते अंधार पडल्यावर सातपर्यंत. हे अंगात ताकद असताना, सहलीच्या सुरुवातीला करावं. द्राक्षमळ्यांत सकाळी दहाला निघालं तरी चालतं. थकलेल्या अंगाला तो उत्तम शेवट आहे. दुसरं म्हणजे मिस्टरांना दोन बाटल्या घ्याव्याशा वाटल्याच तर त्या जंगलाच्या प्रवासात वागवत फिरायला नको. भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य विनाशुल्क आणता येतं, आणि केपटाऊनहून दुबई, दोहा किंवा अदिस अबाबामार्गे थेट घरचा रस्ता धरता येतो. जोहान्सबर्गला परत जायचं कारणच नाही.

म्हणजे रात्री अशा लावा: उतरल्यावर जोहान्सबर्गला एक, क्रूगरला तीन, धबधब्याला दोन, द्राक्षमळ्यांत दोन, केपटाऊनला तीन. अकराच्या अकराच राहिल्या. चोबे व्हिक्टोरिया धबधब्यापासून अवघ्या ऐंशी किलोमीटरवर आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. तिथे नदीतली बोटीची फेरी मात्र चुकवू नका. बोत्सवानात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत, आणि कोरड्या दिवसांत ते कळपाकळपाने चोबे नदीवर उतरतात. पिल्लं मोठ्यांच्या पायांतून वाट काढत पाण्यात शिरतात, पलीकडे जाताना नुसत्या सोंडा वर दिसतात. बोटीत धक्के नाहीत, चढउतार नाही, बसल्या जागी सगळं. तुमच्यासाठी ह्या सहलीतली ही सगळ्यात सुखाची दुपार ठरेल.

क्रूगरला तिसरी रात्र का मागते आहे? दोन रात्रींत प्रत्यक्ष फेऱ्या होतात तीन, फार तर चार, त्यातली पहिली प्रवासाच्या शिणवट्यात जाते. जनावर दिसणं आपल्या हातात नसतं. एक फेरी रिकामी गेली की माणसं घड्याळ बघायला लागतात, गाइडवर दबाव टाकतात, आणि मग जंगल बघायचं राहूनच जातं. तिसऱ्या दिवशी ही घाई संपते. मग वाळवीची वारुळं, जिराफाच्या मानेवर गोचिड्या टिपणारे पक्षी, शेणाचा गोळा मागच्या पायांनी ढकलत नेणारा भुंगा, सगळं दिसू लागतं. मला तर ह्याच गोष्टी जास्त आठवतात.

क्रूगर राष्ट्रीय उद्यान १९२६ साली झालं. पसारा साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तुमच्या अख्ख्या नाशिक जिल्ह्याहून मोठा. त्याला लागून पश्चिमेला साबी सँड, टिंबावाटी अशी खासगी अभयारण्यं आहेत, मध्ये कुंपण नाही, जनावरं इकडून तिकडे मोकळी फिरतात. तुमचा मुक्काम उद्यानात आहे की ह्या खासगी भागात, हे मुलाला विचारायला सांगा. कारण किमतीतला मोठा फरक तिथेच पडतो. उद्यानात गाडी रस्ता सोडू शकत नाही, आणि डांबरी रस्त्यावर सिंह आडवा बसला की दोन्ही बाजूंनी मोटारींच्या रांगा लागतात. खासगी भागात गाइड झुडपांत गाडी घालू शकतो, आणि एका जनावराभोवती एका वेळी दोन-तीनच गाड्या थांबू देतात.

गट बारा जणांचा, हे ऐकायला छान. पण जंगलात खरा आकडा म्हणजे एका गाडीत किती माणसं. उघड्या जीपमध्ये मागे तीन रांगा, प्रत्येकीत तीन जागा. कंपनीने नऊ जण कोंबले तर मधल्या माणसाला दोन्हीकडून खांदेच दिसतात. सहा जणांची हमी लेखी घ्या, म्हणजे प्रत्येकाला कड मिळते. बारा जणांना दोन गाड्या, हिशेब सोपा आहे.

आणि गाडीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यावर, बॉनेटच्या टोकाला छोट्याशा खुर्चीवर बसलेला असतो तो ट्रॅकर. त्याच्याकडे बघत राहा. एका सकाळी आमच्या ट्रॅकरने नुसता हात वर केला, गाडी थांबली. रेतीत सिंहिणीचा ठसा होता. मला तो ताजाच वाटला. त्याने काठीच्या टोकाने दाखवलं: ठशाच्या मधून एका किड्याच्या चालीची बारीक रेघ गेली होती. किडे रात्री फिरतात, म्हणजे सिंहीण त्याच्या आधी, रात्रीच गेली. तो उतरला नाही, हातानेच पुढे चला अशी खूण केली. अर्ध्या तासाने दुसरा ठसा सापडला, त्याच्यावर कसलीच रेघ नव्हती, कडाही धारदार होत्या. त्या माणसाने तोंडातून एक शब्दही काढला नव्हता. तुम्ही इंग्रजी येत नाही म्हणून घाबरता आहात म्हणून हे सांगितलं. जन्म शेतात गेलेल्या बाईला ही भाषा कुणी शिकवायला नको.

गुडघ्यांचं म्हणाल तर जीप उंच असते, चढायला दोन-तीन पायऱ्या असतात, बहुतेक ठिकाणी छोटं स्टूल लावतात. मागच्या रांगेत धक्के जास्त बसतात, पहिल्या रांगेत बसा आणि तसं आधीच कळवून ठेवा. आणखी एक, जे बायका विचारायला संकोचतात. फेरी तीन-साडेतीन तासांची असते आणि वाटेत शौचालय नसतं. मध्यावर चहा-कॉफीसाठी थांबतात तेव्हा गाइड आधी झुडूप तपासून येतो आणि मग आळीपाळीने जाता येतं. त्याआधी गरज वाटली तर निःसंकोच सांगा, तो थांबवेल. पाणी न पिता कोरड्या घशाने बसू नका. सप्टेंबरातही पहाटे उघड्या गाडीत वारा झोंबतो, शाल आणि कानटोपी घ्या. गाडीत उभं राहायचं नाही. अंधार पडल्यावर खोलीतून जेवायला जाताना एकट्याने निघायचं नाही, न्यायला माणूस येतो. बऱ्याच मुक्कामांना कुंपण नसतं.

धबधब्याबद्दल थोडक्यात. झिंबाब्वे आणि झांबियाच्या सीमेवर झांबेझी नदी १०८ मीटर खाली कोसळते, रुंदी सतराशे मीटर. मार्च ते मे पाणी सगळ्यात जास्त, पण तुषारांमुळे तेव्हा समोरचं दिसत नाही. सप्टेंबरात पाणी कमी, पण झिंबाब्वेच्या बाजूने धारा छान दिसतात. झांबियाच्या बाजूचा कडा तेव्हा कोरडा पडत जातो, त्यामुळे तिकडे जाण्यासाठी वेगळा खर्च करू नका. झिंबाब्वेत सुटे अमेरिकी डॉलर जवळ ठेवा, मोठ्या नोटेचे सुटे मिळत नाहीत.

आता मिस्टरांच्या मुलखात येते.

केपच्या वाइनचा जन्म तारखेनिशी लिहून ठेवलेला आहे. डच वसाहतीचा प्रमुख यान फान रिबेक ह्याने २ फेब्रुवारी १६५९ च्या रोजनिशीत पहिल्या द्राक्षरसाची नोंद केली. १६७९ मध्ये स्टेलेनबॉश गाव वसलं. १६८८ पासून फ्रान्समधून धर्मछळाला कंटाळून आलेली कुटुंबं फ्रान्सहूकच्या खोऱ्यात स्थिरावली. तुमचा दोन रात्रींचा मुक्काम बहुधा ह्या दोनपैकी एका गावी असेल. मी फ्रान्सहूक निवडेन, ते लहान आहे आणि तीन बाजूंनी डोंगर आहेत.

मिस्टरांना बघायला सांगा ते जुने झुडूपवेल. मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही, तारही नाही. जमिनीतून जाडजूड खोड वर येतं, त्याला चार-पाच हात, प्रत्येक हातावर दोन डोळ्यांची काडी राखलेली, बस्स. सप्टेंबरात ते डोळे नुकते फुटत असतात, कापसासारखी लव दिसते. पानं नसल्यामुळे खोडाची सगळी घडण उघडी असते, तीस-चाळीस वर्षांत कुणी कुठे काप दिला ते वाचता येतं. काढणीच्या दिवसांत हे पानांखाली झाकलेलं असतं. छाटणी करणाऱ्या माणसाने वेल बघावा तो उघडाच. पस्तीस वर्षांहून जुन्या बागांना तिथे वारसा बाग म्हणून प्रमाणपत्र देतात आणि बाटलीवर लागवडीचं साल छापतात. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी बाग काढून नवी लावतात. ह्या वारसा बागांमध्ये शेनिन ब्लाँ पुष्कळ आहे. जगात सगळ्यात जास्त शेनिन दक्षिण आफ्रिकेतच आहे. ज्यांनी दोन एकर शेनिन वाढवून मग काढून टाकली, त्यांना चाळीस वर्षांचं शेनिनचं खोड हाताने चाचपू द्या.

तिथे छाटणी वर्षातून एकदाच, जुलै-ऑगस्टमध्ये. थंडीने वेल आपोआप झोपतो. आपल्याकडे वेल झोपत नाही म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी करावी लागते. पण मिस्टरांच्या मनाला खरा चटका लावेल ती पावसाची गोष्ट. तिथला पाऊस पडतो तो वेल झोपलेला असताना. घड भरतात तेव्हा आभाळ कोरडं, आणि आग्नेयेकडून जोराचा वारा सुटतो. लोक त्याला केप डॉक्टर म्हणतात, कारण तो शहरावरची दूषित हवा उडवून नेतो, आणि बागेतली ओल आणि तिच्याबरोबरचा रोगही. डावणी रोगाच्या आणि अवकाळीच्या भीतीने रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटेल, ते तुम्हाला माझ्याहून जास्त कळेल. त्यांच्याकडेही सगळं आलबेल नव्हतं हेही त्यांना सांगा. १८८६ मध्ये केपमध्ये मुळांना लागणाऱ्या फायलोक्सेरा किडीने बागाच्या बागा बसवल्या, आणि तेव्हापासून किडीला दाद न देणाऱ्या दुसऱ्या वेलाच्या मुळावर, म्हणजे खुंटावर, कलम करणं आलं. ११० रिक्टर हा खुंट तिथेही आहे आणि तुमच्याकडेही. एवढं एक नाव दोघांच्या तोंडी आलं की पुढचं संभाषण हातवाऱ्यांवर निभतं.

लहान गटाचे पैसे वसूल होतात ते इथे आणि जंगलातल्या गाडीत. चाळीस माणसं मळ्यावर उतरली की त्यांना दालनात बसवून पाठ केलेलं भाषण ऐकवतात. बारा असली तर बागेचा माणूस बांधावर घेऊन जाऊ शकतो. जाऊ शकतो म्हणते, कारण आपोआप नेत नाहीत. कंपनीला आधी लिहा की गटात द्राक्षबागायतदार आहे, बाग सांभाळणाऱ्या माणसाची भेट हवी, चव घेण्याचा कार्यक्रम कमी केला तरी चालेल. टेबल माउंटनच्या रोपवेत मात्र एका डब्यात पासष्ट माणसं असतात, तिथे तुमचा गट बाराचा असो की पन्नासचा, काही फरक नाही. तो रोपवे वाऱ्यामुळे वरचेवर बंद असतो, म्हणून केपटाऊनच्या तीन दिवसांत ज्या सकाळी डोंगर मोकळा दिसेल त्याच सकाळी जायचं असं गाइडला सांगून ठेवा.

आणि जमलं तर केपटाऊनमधला एक दिवस गटातून सुटून वेगळी गाडी करा. डे डूर्न्स गावाजवळ हेक्स रिव्हरचं खोरं आहे, तिथे वाइनची नव्हे, खायची द्राक्षं पिकतात. त्यांचा माल नोव्हेंबर ते एप्रिल युरोपात जातो. तुमचा माल जातो त्याच दुकानांत, त्याच फळीवर. आपला स्पर्धक कसा शेती करतो ते एकदा डोळ्यांनी बघून यावं. भेट आधी ठरवलेली हवी, कुणाच्या बागेत असंच शिरता येत नाही. आणि ताई, मिस्टरांवर नजर ठेवा. एखादी काडी खिशात घालून आणायचा मोह प्रत्येक बागायतदाराला होतो. परवान्याशिवाय कलम, बी, माती आणणं कायद्याने बंद आहे. आणि एका काडीबरोबर येणारा रोग अख्ख्या तालुक्याला भोवू शकतो. बागेत वापरलेले बूटही धुऊन मगच बॅगेत भरा.

आता जाऊबाईंचा प्रश्न. त्याचं उत्तर मी गंभीरपणे देणार आहे, कारण तुमची माळ तुमच्यासाठी गंभीर आहे. चव घेण्याच्या टेबलावर न पिणाऱ्याला कुणी आग्रह करत नाही. दोन घोट घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि जाणकार माणसंही खुशाल थुंकतात. पुष्कळ मळ्यांवर द्राक्षाचा नुसता रस मिळतो. पण त्या टेबलावर बसून राहायचंच कशाला? फ्रान्सहूक आणि पार्लच्या मधे बाबिलोन्सटोरेन नावाचा मळा आहे, तिथे तीनशेहून अधिक जातींची फळझाडं, भाज्या, औषधी झाडं लावलेली मोठी बाग आहे. मिस्टर तळघरात असतील तेव्हा तुम्ही तिथे दोन तास रमाल. गाइडला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी अवघडायला होणार नाही.

आणि त्या मळ्यांचा इतिहास तुम्ही जाणून घ्यावा अशी माझी इच्छा आहे, कारण तुम्ही मजुरांना रोज भाकरी देणाऱ्या घरातल्या आहात. ते मळे गुलामांच्या कष्टावर उभे राहिले. इंडोनेशिया, मादागास्कर, पूर्व आफ्रिका ह्यांच्याबरोबरच बंगाल, मलबार, कोरोमंडल अशा आपल्या किनाऱ्यांवरूनही माणसं पकडून, विकत घेऊन केपला नेली गेली. १८३४ मध्ये गुलामी संपल्याचं जाहीर झालं, तरी प्रत्यक्ष सुटका व्हायला १८३८ उजाडलं. त्यानंतरही मजुरीचा काही भाग पैशांऐवजी हलक्या वाइनमध्ये द्यायची रीत विसाव्या शतकात बरीच वर्षं चालू राहिली. पिढ्यान्‌पिढ्या घरं त्यात बुडाली, पोटातल्या मुलांनाही ते भोगावं लागलं. दारू माणसाचं काय करते हे माळकरी माणसाला वेगळं सांगायला नको. तुम्ही मळ्यावर जाल तेव्हा गाइडकरवी एवढं विचारा: इथले मजूर कुठे राहतात, मुलं कुठे शिकतात, मळ्यात त्यांचा काही वाटा आहे का? चांगले मळे ह्याचं उत्तर मोकळेपणाने देतात. फ्रान्सहूकजवळच एक तुरुंग आहे, तेव्हाचं नाव व्हिक्टर व्हर्स्टर. ११ फेब्रुवारी १९९० रोजी नेल्सन मंडेला त्याच्या फाटकातून चालत बाहेर आले. तिथे आज त्यांचा मूठ उंचावलेला पुतळा आहे. रस्त्यालगतच आहे, पाच मिनिटं थांबायला सांगा. जाऊबाईंना सांगायला तुमच्याकडे हे सगळं असेल.

जेवणाचं. केपटाऊन आणि जोहान्सबर्गमध्ये भारतीय जेवण सहज मिळतं. जंगलात आणि धबधब्याकडे आधी कळवल्याशिवाय नाही. नुसतं शाकाहारी लिहून भागत नाही, कारण बऱ्याच जणांच्या लेखी मासा आणि अंडं शाकाहारात बसतं. 'मांस, कोंबडी, मासे, अंडं नाही, त्यांचं पाणी घातलेलं सूपही नाही' असं सविस्तर इंग्रजीत लिहून एक कागद मुलाकडून छापून घ्या आणि प्रत्येक मुक्कामी स्वयंपाकघरात द्या. चीजच्या बाबतीत जपा. पुष्कळ चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, शाकाहारी रेनेटचं आहे का ते विचारूनच खा. 'पाप' नावाची मक्याची घट्ट लापशी आणि टोमॅटो-घेवड्याची तिखट चकलाका हे तिथलं साधं जेवण आहे, झुणका-भाकरीच्या पोटाला ते मानवेल. घरून शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भडंग, बंद पाकिटातले लाडू न्या. ताजी फळं, भाज्या, बियाणं, दुधाचे पदार्थ नेऊ नका, विमानतळावर काढून घेतील.

कागदपत्रांत एक खोच आहे. तुम्ही दक्षिण आफ्रिकेतून झिंबाब्वेला जाऊन पुन्हा दक्षिण आफ्रिकेत येणार, त्यामुळे तिथला व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. चोबेला एक दिवस जाऊन परतायचं म्हणजे झिंबाब्वेतही दोन प्रवेश होतात. अर्ज लवकर टाका. उत्पन्नाचा पुरावा म्हणून बँकेच्या उताऱ्याबरोबर सातबारा आणि माल विक्रीच्या पावत्या इंग्रजी भाषांतरासह जोडा. कंपनी पैसे घेताना टीसीएस, म्हणजे सरकारसाठी आगाऊ घेतला जाणारा कर, कापेल. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी विवरणपत्र भरून तो परत मागता येतो, तुमच्या करसल्लागाराला आत्ताच सांगा.

विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल आणि तिथला थांबा बारा तासांच्या वर गेला, तर दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र मागते. साठीच्या पुढे ही लस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची असते, म्हणून मिस्टरांचं वय बघता दुबई-दोहाचा मार्ग किंवा छोटा थांबा बरा. मलेरिया सप्टेंबरात कमी असला तरी क्रूगर, धबधबा आणि चोबे तिन्ही ठिकाणी असतोच. गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि परतल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण घ्या. घरी आल्यावर पुढच्या तीन महिन्यांत कधीही ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि आफ्रिकेतून आल्याचं पहिल्या वाक्यात सांगा. तिथला मलेरिया झपाट्याने जिवावर बेततो. सोनं घरी ठेवा, गळ्यात फक्त माळ आणि काळ्या मण्यांची साधी पोत. शहरात अंधार पडल्यावर पायी फिरू नका, गाडीच्या खिडकीशी मोबाइल धरून बसू नका.

आता मुलाला एवढंच सांगा: सप्टेंबरची तारीख, क्रूगरला तीन रात्री, गाडीत सहा माणसं, द्राक्षमळे जंगलानंतर, आणि बागेच्या माणसाची भेट. ह्या पाच गोष्टींचं उत्तर कंपनीकडून लेखी आल्यावरच आगाऊ रक्कम भरायची. क्रूगरच्या तीन रात्री आणि गाडीत सहाच माणसं ह्या दोन गोष्टींना त्यांनी नकार दिला तर ही सहल सोडा आणि दुसऱ्या कंपनीकडे चौकशी करा. बाकीच्यांवर थोडी ओढाताण झाली तरी चालेल.